वळणावरचे खिळे

७ एप्रिल, सोमवार

कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी तीन महिने कोरी पडली होती. आज उघडली, कारण आज मनाला बरं वाटतंय. चोवीस वर्षं लेथवर उभा राहिलो, सहा वर्षं सुपरवायझर आहे, आणि आज पहिल्यांदा मॅनेजरसाहेब म्हणाले, "धर्मराज, उन्हात कशाला गाडी लावता? आत शेडमध्ये लावा." लेथवर लोखंड कापताना जो कीस निघतो, त्याची पिंपं शेडमध्ये मागच्या भिंतीशी असतात. दोन पिंपं सरकवली, गाडी बरोबर बसली. संध्याकाळी स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसला नाही. माझ्या हाताखालचा सुयोग म्हणाला, "साहेब, आता नावाची पाटी तेवढी लावायची राहिली." मी हसलो, पण पाटीचा विचार मनात येऊन गेला हे खरं.

रुखरुख एकच. सीएनजीची टाकी बसवून घेतली तेव्हा डिकीत जागा उरली नाही, म्हणून स्टेपनी काढून घरी गॅलरीत ठेवली होती. कपडे वाळत घालताना ती माझ्या बायकोच्या, संजीवनीच्या पायात यायची. महिनाभर तिने ऐकवलं, मग मी ती उल्हासनगरच्या एका टायरवाल्या शेटला देऊन आलो. शेट म्हणाला, "साईं, स्टेपनी का अचार डालोगे? हर नाके पे पंक्चरवाला बैठा है." तेव्हा पटलं. आता गाडीत बसलं की घरी काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतं. द्यायला नको होती.

१९ एप्रिल, शनिवार

शेटचं म्हणणं इतक्या लवकर कामाला येईल असं वाटलं नव्हतं. एमआयडीसीतून बाहेर पडून दहा मिनिटं झाली असतील, पाण्याच्या पाइपलाइनजवळच्या वळणावर गाडी एका बाजूला ओढायला लागली. उतरून बघतो तर मागचं चाक बसलेलं. नशिबाने समोरच निळ्या ताडपत्रीची पंक्चरची टपरी. तिशी-पस्तिशीचा माणूस, राजरत्न नाव, जवळच्या बुवापाड्यात राहतो.

"स्टेपनी काढा साहेब, दोन मिनिटात बदलतो."

"स्टेपनी नाही."

"सीएनजी वाटतं?" तो हसला. "काय हरकत नाय. आम्हीच तुमची स्टेपनी."

काम झटपट आणि स्वच्छ. टायरमधून ओढून काढलेला तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला. "हे बघा साहेब." मी फोनवर होतो, खिशात टाकला.

६ मे, मंगळवार

पुन्हा पंक्चर. पुन्हा तेच वळण, या खेपेला पुढचं चाक.

राजरत्न चाकाशी बसून बराच वेळ टायर फिरवून बघत होता. मग विचारतो, "साहेब, गाडी कुठं लावता तुम्ही?"

मी म्हणालो, "तुला काय करायचंय?"

"नाय, सहज. मी पण टर्नरच, लेथवरचा. आयटीआय केलंय. चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होतो, मग ब्रेक दिला, परत घेतलं नाय."

"आजकाल सगळेच टर्नर असतात," मी म्हणालो. त्याने मान खाली घालून चाक बसवलं. घरी आल्यावर वाटलं, उगाच खेकसलो. पण गाडी कुठे लावतो ही चौकशी पंक्चरवाल्याला कशाला हवी?

२४ मे, शनिवार

आज वाईट झालं. संजीवनीच्या भाचीचा साखरपुडा होता उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात. मी कंपनीतून लवकर निघून तिला घरून, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून घ्यायचं, असं ठरलं होतं. वळणावर तिसरं पंक्चर. टपरीवर आधीच दोन रिक्षा उभ्या. बदलापूरला पोहोचेपर्यंत साडेसहा झाले होते. उल्हासनगरला गेलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि लोक आइस्क्रीम खात होते. संजीवनीनेच भाचीला साडी नेसवायची होती. परत येताना गाडीत नुसती गजऱ्याची फुलं तोडत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिन्ही वेळा एकच वळण. हा योगायोग वाटत नाही.

११ जून, बुधवार

आज डोळ्यांनी पाहिलं. साडेपाचला वळणावरून जात होतो, पंक्चर नव्हतं. राजरत्न रस्त्याच्या मधोमध वाकलेला, हातात पत्र्याचा डबा. गाडी दिसताच बाजूला झाला आणि मला सलाम ठोकला. मी काच वर घेतली.

घरी येऊन त्याने दरवेळी हातावर ठेवलेले ते तीन तुकडे शोधले. दोन शर्टाच्या खिशात मिळाले, एक गाडीत. तिन्ही कापराच्या रिकाम्या डबीत घालून ठेवले, पुरावा म्हणून. काळपट निळे, पिळलेले, टोकदार. साधा खिळा असा नसतो. मुद्दाम पक्कडीने पिळून केले असणार. पोटासाठी माणूस काय काय करतो! वाईट याचं वाटतं की हाताला एवढी सफाई असून ती त्याने अशा कामाला लावावी.

३ जुलै, गुरुवार

चौथं पंक्चर. आज त्याने तुकडा दिला तेव्हा मी नीट हात पुढे करून घेतला. त्याला कळू दे, की मी जपून ठेवतोय.

तो हळूच म्हणाला, "साहेब, राग मानू नका. जागा बदला. नायतर हे थांबायचं नाय."

ही सरळ धमकी झाली. म्हणजे या रस्त्याने जाऊ नका, नाहीतर पंक्चर होत राहणार! घरी येऊन सुयोगला फोनवर सांगितलं, तर त्याचीही बाइक मागच्या महिन्यात तिथेच पंक्चर झालेली. आणखी दोघातिघांचं तेच निघालं. सुयोग म्हणाला, "साहेब, तो आमच्याच वस्तीतला. त्याची मुलगी ओवी माझ्या मुलीच्या वर्गात आहे. वाटत नाय असा. पण तुम्ही म्हणता तर असेल."

२० ऑगस्ट, बुधवार

अर्ज केला. मनात दोन महिने घोळत होतं, पण परवा पावसात पाचवं पंक्चर झालं आणि पाऊण तास भिजत उभा राहिलो. नगरपालिकेला लिहिलं: वळणावरची टपरी बिनपरवाना आहे, रहदारीला अडथळा आहे, आणि "सदर इसम रस्त्यावर खिळे टाकताना पाहण्यात आले आहे." हे शेवटचं वाक्य लिहिताना हात जरा थांबला. टाकताना असं मी पाहिलेलं नाही, वाकलेला पाहिलाय. पण अर्जात वाकलेला पाहिला असं कसं लिहिणार? पहिली सही माझी. जेवणाच्या सुट्टीत कागद फिरवला, अर्ध्या तासात सतरा सह्या झाल्या. सुपरवायझरचा कागद म्हटल्यावर कुणी वाचतही नाही.

संजीवनीला दाखवला. ती म्हणाली, "त्याला एकदा विचारून तरी बघायचं होतंत." तिचं मन हळवं आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

टपरी गेली.

सकाळी कामावर जाताना अतिक्रमणवाल्यांची गाडी उभी होती. ताडपत्री फाडली नव्हती, राजरत्न स्वतःच घडी घालत होता. कॉम्प्रेसर हातगाडीवर चढवलेला, पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं रस्त्यात पालथं पडलेलं. माझी गाडी ट्रॅफिकमुळे नेमकी त्याच्यासमोर थांबली. काच वर घ्यायला बटण दाबणार, एवढ्यात तो जवळ आला. मला वाटलं, आता शिव्या घालणार.

तो म्हणाला, "साहेब, पुढच्या डाव्या चाकात हवा कमी हाय. बघून घ्या."

दिवसभर ते वाक्य कानात होतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना. संजीवनीने लवकर या म्हणून बजावलं होतं आणि पंक्चर झालं. कुठे? त्याच वळणावर. आता तिथे टपरी नाही, राजरत्न नाही, खिळे टाकणारं कुणीही नाही.

मी म्हटलं, जुना एखादा खिळा राहिला असेल.

उल्हासनगरहून गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप आणि टायरमध्ये भरायच्या फेसाचा डबा आणून ठेवला होता. पंपाची वायर मागच्या चाकापर्यंत पोहोचेना. फेस भरला तो भोकातून माझ्याच पँटवर आला. शेवटी जॅक लावून चाक काढलं, गाडी तशीच विटांवर टेकवली आणि चाक मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाला म्हणाला, "इथं राजा बसायचा ना कोपऱ्यावर. लय उपयोग होता. शिफ्ट सुटली की आम्ही सगळे त्याच्याकडंच. कुणी भडव्याने अर्ज केला काय माहीत."

मी बाहेर बघत बसलो. स्टेशनजवळच्या दुकानदाराने चाक दुरुस्त केलं आणि तुकडा दिला. न बघता डबीत टाकला. घटाची आरती व्हायला आमच्याकडे साडेआठ वाजले.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज लिहू नये असं वाटतंय, म्हणूनच लिहितो.

सकाळपासून कंपनीत यंत्रांची पूजा. सगळ्यांनी मिळून लेथ पुसले, प्रत्येक मशीनला झेंडूची माळ, नारळ फोडले. मशीन झाल्या की गाड्या. माझी गाडी शेडमध्येच होती. मी चाकांशी उकिडवा बसून एकेका टायरला हळदकुंकू लावत गेलो. उजव्या मागच्या चाकाला बोट टेकवलं आणि कापलं. रक्त आलं. टायरच्या खाचेत काहीतरी रुतलं होतं. नखाने उपसलं.

लोखंडाचा कीस. निळा, पिळलेला. शाफ्टचं पक्कं लोखंड वेगाने कापलं की कीस तापून असा निळा पडतो, हे मी शिकाऊ मुलांना कित्येक वर्षं शिकवत आलो आहे.

गाडीखाली वाकून पाहिलं. पिंपांतून सांडलेला कीस जमिनीवर तेलात चिकटून बसलाय. रोज संध्याकाळी मी त्याच्यावरून गाडी बाहेर काढतो. टायरला चिकटतो, रस्त्यावर दाबला जात आत शिरतो. दहा मिनिटं पुरतात. दहा मिनिटांवर ते वळण आहे.

घरी येऊन डबी उघडली. सहा तुकडे. सहाही माझ्याच शेडमधले. एवढे दिवस डबी माझ्या कपाटात होती, आणि मी टर्नर आहे.

संजीवनीने विचारलं, बोटाला काय झालं. पूजा करताना लागलं, एवढंच सांगितलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी कामावर जाण्याआधी बुवापाड्यात गेलो. सुयोगला सांगितलं नाही. विचारत विचारत घर सापडलं. दाराशी राजरत्नची बायको भावना तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं तशी तिने ताट बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"ते उल्हासनगरला असतात. टायरवाल्या शेटच्या दुकानात. रात्रीच येतात."

मी विचारलं, संध्याकाळी रस्त्यावर वाकून तो काय करायचा. माझ्या तोंडून प्रश्न असा निघाला जणू चौकशी अधिकारी आहे. ती म्हणाली, "भंगाराचे टेम्पो जातात ना, त्यातून नटबोल्ट सांडतात. ते वेचायचे. डबाभर झालं की विकायचे."

आत एक मुलगी पुस्तक उघडं ठेवून बसली होती. शनिवारीही सकाळची शाळा असते, म्हणून मी विचारलं, शाळा नाही का गं? भावनाच म्हणाली, "जात नाय ती. आठ दिवस झाले. पोरं तिला खिळेवाल्याची म्हणतात. बाकावर खिळे आणून ठेवले होते."

मी पाणी मागितलं आणि न पिताच निघालो.

५ ऑक्टोबर, रविवार

आज सुट्टी, म्हणून उल्हासनगर. मी स्टेपनी देऊन आलो होतो तेच ते दुकान निघालं. राजरत्न आत ट्रकचा टायर उघडत होता. शेटने मला ओळखलं नाही.

बाहेर आणून त्याला सगळं सांगितलं. कीस, शेड, डबी. माफी मागितली. तो हात पुसत ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला पयल्याच दिवशी कळलं होतं साहेब."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. गाडी कुठं लावता विचारलं, तुम्ही चिडलात. जागा बदला म्हटलं, तुम्ही हात पुढं करून तुकडा घेतलात. मला वाटलं आता कळलं. तुम्ही एवढे जुने टर्नर, तुम्हाला मी काय शिकवणार?"

मी म्हणालो, उलटा अर्ज देतो, टपरी परत मिळवून देतो. तो म्हणाला, "ती मिळायची नाय. तिथं आता उसाच्या रसाची गाडी लागलीय. अर्जाची कॉपी मला दाखवली त्यांनी. पयली सही तुमची. बाकी सोळा जण तुमच्या शब्दावर. त्यांना सांगा, मी खिळे टाकत नव्हतो. ते आमच्याच भागात राहतात. घरोघर गेलंय ते. टपरीचं मी बघून घेईन. पोरीचं मला बघता येत नाय."

मी शब्द दिला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

गाडी बाहेर उन्हात लावली. सुयोगने विचारलं, का? म्हणालो, शेडमध्ये धूळ फार उडते. आज सांगणार होतो, पण डब्याच्या वेळेला निम्मेच लोक होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं.

जेवताना सगळे होते. डबी सोबत नेली होती, तुकडे वर्तमानपत्रावर ओतले. म्हटलं, हे खिळे नाहीत, आपलाच कीस आहे. राजरत्नने काही टाकलं नव्हतं. अर्ज चुकीचा होता, मी चुकलो.

मग सुयोग म्हणाला, "साहेब, तुमचं मन मोठं आहे."

"मन मोठं काय त्यात?"

"गरिबाला सांभाळून घेताय. पण मग माझ्या बाइकचं काय? ती तर कधी शेडमध्ये नव्हती."

मी म्हणालो, रस्त्यावर सतरा गोष्टी पडलेल्या असतात. दुसरा एक म्हणाला, "साहेब, पाहिलंय ना त्याला टाकताना. अर्जातच होतं." मी म्हणालो, ते मी लिहिलं, कुणी पाहिलं नव्हतं. तर सुयोग म्हणतो, "मी पाहिलंय. संध्याकाळी, वाकून टाकत होता. डबा होता हातात." डब्याचं मीच त्याला जुलैमध्ये सांगितलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत होतं.

एवढ्यात मॅनेजरसाहेब आले. "काय मीटिंग चाललीय?" त्यांच्यासमोर शेडचा विषय काढायचा म्हणजे जागा माझी, पिंपं माझ्या देखरेखीखाली, जमीन झाडून घ्यायची जबाबदारी माझी. मी तुकडे कागदात गुंडाळले आणि म्हणालो, "काही नाही साहेब, दिवाळीच्या सुट्टीचं."

अर्ध्या तासात सोळा जणांच्या मनात घातलं ते मला एकाच्याही मनातून काढता आलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

राजरत्नकडे गेलो. जायला नको होतं, किंवा आधी जायला हवं होतं, मला आता कळत नाही.

दुकानात गर्दी होती. त्याने मला बघून शेटला खूण केली आणि बाहेर आला. "सांगितलं?"

"सांगितलं," मी म्हणालो. इथवर खरं होतं.

"काय म्हणाले?"

त्याच्या हाताला काळं ग्रीस होतं, कपाळावर त्याचाच पट्टा. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर हा माणूस इथेच खाली बसेल. आणि खरं सांगायचं तर मला माझीही सुटका हवी होती. मी म्हणालो, "पटलं सगळ्यांना."

त्याने डोळे मिटले. मग तिथल्या तिथे खिशातून फोन काढून घरी लावला. "भावना, झालं गं. साहेबांनी सांगितलं सगळ्यांना. ओवीला दे." मी हात वर केला, थांब म्हणायला, आणि तसाच खाली घेतला. "ओवी, उद्या शाळेत जायचं. पेपर आहे ना? कुणी काय बोलणार नाय आता. सुयोगकाकांना पण सांगितलंय साहेबांनी. बिनधास्त जा."

निघताना तो माझ्या गाडीच्या चारही चाकांची हवा बघून आला. मी नको म्हणत होतो.

घरी येऊन संजीवनीला सगळं सांगितलं, अर्जापासून आजपर्यंत. ती म्हणाली, "सुयोगला फोन करा. त्याच्या मुलीला तरी समजावून सांगू दे." दोनदा लावला. दुसऱ्यांदा त्याने उचलला आणि मी त्याला उद्याची शिफ्ट विचारली. संजीवनी समोर उभी होती. ती आत निघून गेली.

मला माझी लाज वाटते, आणि नुसती लाज वाटून काही होत नाही हेही दिसतंय.

ओवीचा उद्या गणिताचा पेपर आहे. सुयोगच्या मुलीचाही तोच. शाळा सात वीसला भरते.